देमार चित्रपट आणि थिएटरचा पडदा

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थकारण, आरोग्य, परराष्ट्रनीती असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला देमार चित्रपट आणून बसवला तर काही श्रोते नाक मुरडतील, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय घेण्यास कारण आहे. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांतून रोज लाखो माणसे लोकलने मुंबईस जातात. त्यांतील पुष्कळांच्या हातात मोबाईल असतो आणि त्यावर चित्रपट चाललेला असतो. मुलुंडला सुरू झालेली मारामारी कांजूरमार्गला थांबते, कारण मध्येच कोणाचा तरी फोन येतो. घाटकोपरला नायक छपरावरून उडी घेतो आणि शेजाऱ्याचे कोपर लागल्यामुळे तो जमिनीवर कधी पोचला ते कळतही नाही. उरलेला भाग संध्याकाळच्या गाडीत पाहायचा, असे ठरवून मंडळी उतरतात.

अशा वेळी एक मत हमखास ऐकू येते. गंभीर, कलात्मक चित्रपट असेल तर तो थिएटरात जाऊन पाहावा. देमार चित्रपटाचे काय, तो कुठेही पाहिला तरी चालतो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. दोन माणसे एका खोलीत बसून बोलत आहेत असा चित्रपट लहान पडद्यावर पाहिला तर थोडे नुकसान होते. देमार चित्रपट तसा पाहिला तर त्यातले जवळजवळ सारेच हरवते. हे असे का होते, ते समजावून घेण्याचा आपण प्रयत्न करू.

प्रथम या प्रकाराच्या कुळाविषयी दोन शब्द. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. स्थानकात शिरणारी आगगाडी हे त्यांतले एक चित्र होते. पुढे तीनच वर्षांनी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी स्वतःचा कॅमेरा आणून मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. आपल्या माणसाने कॅमेरा हाती घेतल्यावर प्रथम जे टिपले ते दोन मल्लांचे झुंजणे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कॅमेऱ्याच्याही मागे गेलो तर पोवाडा भेटतो. अफझलखानवधावरील अज्ञानदासाचा आणि तानाजीवरील तुळशीदासाचा हे आपले जुने पोवाडे. डफ आणि तुणतुण्याच्या साथीने, जमलेल्या लोकांपुढे उभे राहून म्हणावयाचे. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर पडले. त्या रात्रीची कथा शाहिराने सांगितली; १९२३ साली बाबुराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ या मूकपटात, कृत्रिम प्रकाशाची सोय करून, ती पडद्यावर आणली; आणि २०२० साली ‘तान्हाजी’ व २०२३ साली ‘सुभेदार’ या चित्रपटांनी ती पुन्हा सांगितली. आपल्या कल्याणचीही हजेरी या परंपरेत आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले. त्या प्रसंगावरून पेंटर यांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’ काढला. पुढे वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ने १९३५ साली नादियाला घराघरांत पोचवले आणि १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर लढली. साधने बदलत गेली, परंतु पराक्रमाची कथा समुदायापुढे मांडायची, ही रीत कायम राहिली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. देमार चित्रपटात सांगायचे असते तरी काय? संवादप्रधान चित्रपट डोळे मिटून ऐकला तरी अर्धाअधिक समजतो, कारण त्याचा आशय शब्दांत असतो. देमार चित्रपटाचा आशय तीन गोष्टींत असतो: अंतर, वजन आणि वेळ. दरी किती रुंद आहे, समोरून येणारा घाव किती भारी आहे आणि हातात किती क्षण उरले आहेत. या तिन्ही गोष्टी बुद्धीला सांगून भागत नाही. त्या अंगाला पटाव्या लागतात. त्या पटल्या तर प्रसंग थरारक होतो, नाही पटल्या तर तीच मारामारी पोरखेळ वाटते. थिएटरची सारी रचना या तीन गोष्टी अंगाला पटवण्यासाठी उपयोगी पडते.

पहिली गोष्ट अंतराची. साधा हिशेब करून पाहू. मोबाईलचा पडदा आडवा धरला तर सुमारे १५ सेंटिमीटर रुंद असतो आणि आपण तो ३५ सेंटिमीटरवर धरतो. तेव्हा तो डोळ्यांपुढचे सुमारे २४ अंश व्यापतो. घरातला ४३ इंची टीव्ही आठ फुटांवरून सुमारे २२ अंश व्यापतो. आता थिएटरात या. पडदा ४० फूट रुंद आहे आणि आपण त्यापासून ४५ फुटांवर बसलो आहोत असे धरा. तो सुमारे ४८ अंश व्यापतो. म्हणजे रुंदीने दुप्पट आणि क्षेत्रफळाने सुमारे चौपट. यावर कोणी म्हणेल की, आमच्या टीव्हीवर चित्राचे ठिपके थिएटरपेक्षाही अधिक आहेत. असतील. पुष्कळ थिएटरांतील डिजिटल यंत्रे रुंदीत २०४८ ठिपक्यांचीच असतात. पण ठिपक्यांच्या संख्येने चित्र रेखीव होते, विशाल होत नाही.

हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याच्या नखाएवढाच भाग आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतो. बाकीची दृष्टी अंधुक असते. परंतु ही अंधुक कड आळशी नसते. बारीकसारीक आकार तिला कळत नाहीत, पण हालचाल तिला चटकन जाणवते. रस्ता ओलांडताना बाजूने आलेली रिक्षा आपण आधी याच कडेने टिपतो. आपण स्वतः चाललो आहोत की उभे आहोत, हेसुद्धा मेंदू बऱ्याच अंशी या कडेवरूनच ठरवतो.

याचा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक प्रवाशाने घेतला आहे. ठाण्याला किंवा कल्याणला आपली गाडी उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी हलते. आणि क्षणभर आपलीच गाडी सुटली असे वाटून हात आपोआप दांडीकडे जातो. फलाटाचा खांब जागच्या जागी दिसला म्हणजे भ्रम फिटतो. हा भ्रम झाला कसा? शेजारच्या गाडीने खिडकी पुरी व्यापली, दृष्टीच्या कडेपर्यंत सारे सरकू लागले आणि शरीराने निर्णय दिला. तीच सरकती गाडी मोबाईलवर पाहिली तर हात दांडीकडे जाणार नाही, कारण मोबाईलभोवती आपले स्थिर जग दिसतच असते. थिएटरात दिवे मालवतात, भोवतालचे जग दिसेनासे होते आणि पडदा दृष्टीच्या कडेकडे पसरतो. म्हणून कॅमेरा कड्यावरून खाली वळला की पोटात खड्डा पडतो.

मोबाईल डोळ्यांजवळ नेला तर तोही मोठा दिसेल, हे खरे. पण जवळचे पाहताना दोन्ही डोळे आत वळतात, भिंगाचे स्नायू आवळतात आणि वस्तू हातभर अंतरावर आहे हे मेंदूला कळते. त्यामुळे घोडा खेळण्यातला वाटतो. वीस फुटांपलीकडचे पाहताना डोळे सैल आणि जवळजवळ समांतर असतात. कल्याणहून मलंगगड पाहतानाही ते तसेच असतात. थिएटरातला डोंगर डोंगराएवढा वाटतो, त्यात या सैल डोळ्यांचाही वाटा आहे.

जाणता दिग्दर्शक हे सारे हिशेबात घेऊनच चित्र रचतो. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये बस्टर कीटनच्या अंगावर घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते आणि भिंतीतल्या उघड्या खिडकीच्या जागी तो उभा असल्यामुळे वाचतो. कॅमेरा दूर आहे, भिंत आणि माणूस एकाच चौकटीत आहेत, म्हणून विश्वास बसतो. आपल्याकडचे ठळक उदाहरण ‘शोले’चे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला. त्याचे चित्रण ३५ मिलिमीटरच्या फितीवर झाले आणि नंतर ते ७० मिलिमीटरवर मोठे केले गेले. मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातली आगगाडीवरची चकमक आपल्यापासून फार लांब नसलेल्या पनवेलनजीक घेतली, आणि त्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून अधिक वेळ लागला. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी घोडेस्वार आणि धावती गाडी एकाच चौकटीत धरली आहेत. कोण कोणाच्या किती जवळ आले, हे प्रेक्षकाने स्वतःच्या नजरेने पडदाभर फिरून शोधायचे असते. मोबाईलवर तेच स्वार धुळीतल्या मुंग्यांसारखे दिसतात. या चित्रपटाला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, आणि ते संकलक एम. एस. शिंदे यांना. दूरचे दृश्य केव्हा दाखवायचे आणि जवळचे केव्हा, हे ज्याने ठरवले त्याचा तो गौरव होता.

दुसरी गोष्ट वजनाची. पडद्यावरच्या घावाला वजन येते ते आवाजाने. माणसाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २० हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. बोलणे यांतल्या मधल्या भागात बसते. धरणीकंप, स्फोट, कोसळणारा बुरूज, घोड्यांच्या टापांचा घुमारा हे तळच्या भागात. सेकंदाला ४० कंपने असलेल्या आवाजाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. एवढी लाट उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते; मोबाईलमधल्या नखाएवढ्या पडद्याला ते कसे जमावे? तो तोफेचा आवाज टाचणी पडल्यासारखा काढतो.

डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते. तिच्यातले ढोलपथक समोरून जाते तेव्हा ढोलाचा ठोका कानाआधी छातीत जाणवतो, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच ढोलाचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर ऐकले तर ताशा ऐकू येतो आणि ढोल नाहीसा होतो. देमार चित्रपटाचे नेमके असेच होते. कानात घालायचे चांगले ध्वनियंत्र असेल तर तळचे सूर कानापर्यंत पोचतात, हे मान्य करायला हवे. पण छाती आणि पायांखालची जमीन त्यातून सुटतात. थिएटरच्या पडद्याला अतिशय बारीक छिद्रे असतात आणि त्यामागे ध्वनिक्षेपक असतात. म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडातूनच शब्द आल्यासारखे वाटतात. तळच्या सुरांसाठी वेगळा मोठा ध्वनिक्षेपक असतो आणि भिंतींवर आणखी असतात, त्यामुळे मागून येणारा शत्रू मागूनच ऐकू येतो. ‘शोले’तले नाणे उडाले की ‘मिनर्व्हा’तले काही प्रेक्षक ते आपल्या खुर्चीखाली पडले की काय म्हणून पाहत, अशी आठवण जुने लोक सांगतात. तिच्यात थोडे तिखटमीठ असेल. परंतु आवाजाला जागा असते, हे त्या प्रेक्षकांना प्रथमच कळले होते, एवढे खरे.

मोठ्या आवाजाइतकीच गरज शांततेची असते. वार होण्याआधीचा श्वास, म्यानातून निघणाऱ्या तलवारीची हलकी खस, दूरवर भुंकलेले एक कुत्रे, यांवर प्रसंगाचा ताण उभा राहतो. घरात मिक्सर चालू असतो, कुकरची शिट्टी होते, खाली रिक्षा वाजत असते. अशा घरात ती शांतता कोठून आणणार?

तिसरी गोष्ट वेळेची. बाजीप्रभूंच्या पराक्रमाची कथा आठवा. महाराज विशाळगडी पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत खिंड लढवायची, एवढीच ती कथा. तिचा जीव तलवारबाजीत आहे, त्याहून अधिक तो वाट पाहण्यात आहे. या विषयावरील ‘पावनखिंड’ या चित्रपटाचे प्रदर्शन करोनाच्या साथीने लांबले. महाराष्ट्रातील थिएटरे मार्च २०२० मध्ये बंद झाली. मध्ये काही महिने निम्म्या आसनांवर चालून पुन्हा बंद पडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून परत उघडली. ‘पावनखिंड’ १८ फेब्रुवारी २०२२ रोजी थिएटरांत आला. समजा, हाच चित्रपट आपण घरी पाहत आहोत आणि खिंडीतली झुंज ऐन रंगात आली असता चहासाठी चित्र थांबवले. तोफ आता आपल्या सोयीने वाजणार. ज्या क्षणी वेळ आपल्या बोटाखाली आली, त्या क्षणी बाजीप्रभूंची वेळ संपली. थिएटरात वेळ आपल्या हाती नसते, जशी ती खिंडीतल्या मावळ्यांच्याही हाती नव्हती.

ही वाट आपण एकट्याने पाहत नाही, हेही महत्त्वाचे. चारशे माणसे एकाच क्षणी श्वास रोखतात आणि एकाच क्षणी सोडतात. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात मल्लाने डाव टाकला की सारा गराडा एकदम उठतो. कुस्ती घरात बसून पाहणाऱ्याला डाव समजेल, ते उठणे मिळणार नाही. कचेरीत, गाडीत, गृहसंकुलात आपण शेजाऱ्याशी बहुधा जागेवरून आणि पाण्यावरून बोलतो. अनोळखी शेजाऱ्याबरोबर एकाच गोष्टीसाठी काळजी करण्याचे प्रसंग आपल्या शहरांत आता थोडे उरले आहेत. चित्रपटाचा खेळ हा त्यांपैकी एक.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. चौघांच्या कुटुंबाने रविवारी मॉलमध्ये जाऊन चित्रपट पाहायचा म्हणजे महिन्याच्या खर्चात भोक पडते. परंतु आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळच्या खेळाला दर बहुधा कमी असतात. शिवाय मागच्या महाग रांगेचा हट्ट सोडावा. पडदा जितका रुंद, तितक्याच किंवा थोड्या अधिक अंतरावर, मध्यरेषेच्या जवळ बसावे. पूर्वी कमी दराचे तिकीट काढून पुढे बसणाऱ्या आणि शिट्ट्या मारणाऱ्या मंडळींना बाल्कनीतले लोक हसत. देमार चित्रपटापुरते बोलायचे तर जागेची निवड त्या पुढच्या मंडळींचीच अधिक शहाणपणाची होती.

दुसरा आक्षेप हिंसेचा. रक्तपात हाच ज्याचा विषय आहे, अशा चित्रपटाची वकिली मी करीत नाही. मोठा पडदा वाईट चित्रपटाला चांगला करू शकत नाही. मात्र एवढे ध्यानात घ्यावे की, ‘अ’ प्रमाणपत्राचा चित्रपट असेल तर थिएटरच्या दारात मुलाला अडवायला माणूस असतो. मोबाईलच्या दारात बहुधा कोणी नसते. तिसरा आक्षेप, थिएटरात आवाज कानठळ्या बसवतो. काही ठिकाणी बसवतो. तेथे व्यवस्थापकाकडे जाऊन तो कमी करण्यास सांगावे. पैसे देणाऱ्या प्रेक्षकाचा तो हक्कच आहे. ज्यांना प्रकृतीमुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे बाहेर पडता येत नाही, त्यांनी घरी पाहावे. त्यांना दोष कोण देईल?

ठाण्यातली अशोक, प्रताप, वंदना, डोंबिवलीतली टिळक, गोपी ही नावे घेतली की आपल्यातले वडीलधारे लगेच चित्रपटांची यादी सांगू लागतात. ‘वंदना’चे नाव तर एस.टी.च्या स्थानकाला चिकटून राहिले. त्या नावाचे टॉकीज होते हे माहीत नसलेली तरुण मुलेही ते रोज उच्चारतात. थिएटर टिकते ते प्रेक्षक आल्याने. खेळ रिकामे जाऊ लागले की ते कमी होतात, मग पडदे कमी होतात, आणि मराठी चित्रपटाला तर आधीच गैरसोयीच्या वेळा मिळतात. साहसाचा मराठी चित्रपट काढायला खर्च फार. तो वसूल व्हायचा तर पहिल्या दोन आठवड्यांत लोकांनी यावे लागते. लोक मोबाईलवर येण्याची वाट पाहत बसले, तर पुढचा गड पडद्यावर कोणी चढवणार नाही.

यासाठी एक साधी सूचना करतो. वर्षभरातल्या साऱ्या चित्रपटांसाठी धावपळ करू नका. घरगुती गोष्टींचे, गप्पांचे, हलकेफुलके चित्रपट खुशाल घरी पाहा. वर्षातून दोन-तीन चांगले साहसपट मात्र निवडा, आणि ज्या मुलांनी आजवर चित्रपट केवळ तळहातावर पाहिला आहे त्यांना बरोबर न्या. मोबाईल बंद करून खिशात ठेवायला सांगा. मध्यंतरात त्यांना काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. ती आपण होऊनच बोलू लागतील.